ऑनलाइन संदर्भ देताना: शोधनिबंध आणि प्रबंध लिहिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

लघुप्रबंध असो की पीएच.डी.चा प्रबंध, सूचीतली पुस्तके बहुधा नीट लिहिलेली असतात. घोळ होतो तो इंटरनेटवरून घेतलेल्या मजकुराचा. खालचे प्रश्न मुख्यतः मराठीतून किंवा मराठी साधनांवर लिहिणाऱ्यांचे आहेत. नमुन्यांत दुव्याच्या जागी फक्त [दुवा] असे लिहिले आहे.

सूचीत नुसता दुवा दिला तर काय बिघडते?

दुवा हा केवळ पत्ता असतो, आणि बिऱ्हाड बदलायला वेळ लागत नाही. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये कायद्याच्या नियतकालिकांतले दुवे तपासले, तेव्हा ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ आणि इतर नियतकालिकांतल्या ७० टक्क्यांहून अधिक दुव्यांवर मूळ मजकूर सापडला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले निम्मे दुवेही असेच निकामी झाले होते. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दिलेला आकडा असा: २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

म्हणून कोणी लिहिले, केव्हा लिहिले, शीर्षक काय आणि ते कशात प्रसिद्ध झाले, या चार गोष्टी आधी लिहायच्या आणि दुवा शेवटी. दुवा बंद पडला तरी या चार गोष्टींवरून वाचक मजकूर शोधून काढू शकतो.

काही प्रबंधांत ‘संकेतस्थळे’ असा मथळा असतो आणि खाली गूगल, विकिपीडिया, यूट्यूब अशी नावे ओळीने लिहिलेली असतात. याला संदर्भ म्हणत नाहीत. गूगल तर साधनसुद्धा नाही, ते साधनापर्यंत नेऊन सोडते.

एपीए, एमएलए की शिकागो?

संदर्भ लिहिण्याच्या या तीन प्रचलित पद्धती आहेत. कोणती घ्यायची यासाठी आधी विद्यापीठाची नियमावली पाहा, मग मार्गदर्शकांना विचारा. दोन्हीकडून उत्तर मिळाले नाही तर भाषा-साहित्यासाठी एमएलए आणि सामाजिक शास्त्रे, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र यांसाठी एपीए घ्या. इतिहासाच्या अभ्यासकांना तळटीपांची शिकागो पद्धत सोयीची पडते. सध्या एपीएची सातवी आणि एमएलएची नववी आवृत्ती चालू आहे. जुन्या पुस्तिका अजून हातोहात फिरतात, त्यामुळे कोणत्या आवृत्तीचे नियम वाचतो आहोत ते तपासा. एमएलएच्या २००९च्या आवृत्तीने दुवा देणे ऐच्छिक ठरवले होते. २०१६च्या आवृत्तीपासून तो द्यावा असे सांगितले जाते.

‘तत्रैव’ (लगेच आधीच्या टीपेतलेच साधन) आणि ‘उ. नि.’ (आधी उल्लेखलेले साधन) असलेली आपली जुनी तळटीप-पद्धत मराठी विभागांत अजून चालते आणि तिच्यात काही वावगे नाही. ऑनलाइन साधनासाठी ‘तत्रैव’ लिहिताना एवढेच पाहा की मधे दुसरी टीप घुसलेली नाही. संगणकावर परिच्छेद इकडचे तिकडे करताना ‘तत्रैव’ भलत्याच लेखकाच्या गळ्यात पडते.

स्वल्पविराम कुठे आणि तिरपा ठसा कुठे, यावर विद्यार्थी फार जीव टाकतात. परीक्षक त्यातली एकवाक्यता तेवढी पाहतात. त्यांना खरा राग येतो तो दिलेल्या ठिकाणी दिलेला मजकूर सापडला नाही तर.

पाहिल्याची तारीख द्यायची का?

एपीए म्हणते, मजकूर मुद्दाम बदलता ठेवलेला असेल तरच द्या. एमएलएमध्ये ती ऐच्छिक आहे. माझे मत विचाराल तर मराठी साधनांसाठी ती नेहमीच द्यावी, कारण आपल्याकडची शासकीय आणि संस्थांची संकेतस्थळे नव्याने बांधली जातात तेव्हा जुने दुवे सहसा जपले जात नाहीत. ‘१२ जानेवारी २०२५ रोजी पाहिले’ एवढ्याने सूची काही फुगत नाही.

लेखकाचे नाव कुठेच दिसत नाही. मग?

आधी नीट शोधा. पानाच्या तळाशी किंवा ‘आमच्याविषयी’ या भागात नाव असू शकते. नसेल तर संस्थाच लेखक धरा: ‘महाराष्ट्र शासन, शालेय शिक्षण विभाग’ अशी. संस्थाही कळत नसेल तर नोंद शीर्षकापासून सुरू करा. ‘अनामिक’ हे नाव तेव्हाच लिहा, जेव्हा मजकुरावरच तसे छापलेले असेल.

नाव, संस्था, तारीख यांपैकी काहीच मिळत नसेल, तर हा मजकूर प्रबंधात हवाच का, याचा विचार करा. बहुतेक वेळा तीच गोष्ट चांगल्या ठिकाणी कोणीतरी आधी लिहिलेली असते.

मराठी विश्वकोशाचा संदर्भ कसा लिहायचा?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर.

पहिली चूक लेखकाची. विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, म्हणून प्रत्येक नोंद त्यांच्या नावावर टाकली जाते. प्रत्यक्षात नोंदीच्या शेवटी नोंदलेखकाचे नाव आडनावापासून छापलेले असते. तोच लेखक. काही नोंदी दोघांनी मिळून लिहिलेल्या असतात, तेव्हा दोन्ही नावे द्या. नोंदीखाली लेखकाने वापरलेल्या ग्रंथांची यादीही असते. नाव कधी तिच्या आधी तर कधी नंतर येते, त्यामुळे शेवटपर्यंत वाचावे लागते.

दुसरी चूक वर्षाची. संकेतस्थळावर दिसणारी तारीख ही मजकूर तिथे चढवल्याची असते. छापील विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा आहे. त्यातली एखादी लोकसंख्या किंवा एखाद्या शास्त्रातली ‘अलीकडची प्रगती’ तुम्ही पुढच्या शतकातली म्हणून उद्धृत केली, तर तुमचा युक्तिवादच कोसळतो. खंड कोणता, त्याचे वर्ष कोणते, हे शोधूनच लिहा.

तिसरी गोष्ट म्हणजे विश्वकोशाची दोन संकेतस्थळे आहेत. एकावर छापील खंडांतल्या नोंदी आहेत. दुसऱ्यावर ज्ञानमंडळांनी, म्हणजे विषयवार अभ्यासकांच्या गटांनी, तयार केलेल्या नव्या नोंदी. एकाच विषयावर दोन्हीकडे वेगवेगळ्या लेखकांचा मजकूर असू शकतो. आपण कुठला वाचला ते लिहिलेच पाहिजे. छापील खंडातल्या नोंदीसाठी नमुना:

नोंदलेखकाचे आडनाव, नाव. “नोंदीचे शीर्षक.” मराठी विश्वकोश, खंड क्रमांक, महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ, खंडाचे प्रकाशनवर्ष. [दुवा]. पाहिल्याची तारीख.

हीच काळजी शब्दकोशांबाबत घ्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात शोधता येतो, पण तो मजकूर १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीचा आहे. पहिली आवृत्ती १८३१ची. एखादा शब्द १८३१ मध्ये नोंदलेला होता असे म्हणायचे असेल, तर या संग्रहातला पुरावा पुरेसा नाही.

विकिपीडिया चालतो का?

वाचायला जरूर चालतो. पुरावा म्हणून टाळा. लेखाच्या तळाशी दिलेल्या मूळ साधनांकडे जा, ती वाचा आणि त्यांचा संदर्भ द्या. ती न वाचताच तळटीप उचलून आपल्या सूचीत टाकणे मात्र लबाडी आहे, आणि पकडलीही जाते: तिथे पृष्ठक्रमांक चुकलेला असेल तर तो तुमच्याकडेही तसाच चुकतो.

तुमचा विषयच विकिपीडिया असेल, म्हणजे मराठी विकिपीडियावरचे शुद्धलेखन किंवा परिभाषा, तर अर्थातच त्याचा संदर्भ लागेल. अशा वेळी साधा दुवा न देता ‘शाश्वत दुवा’ द्या. त्यामुळे तुम्ही पाहिलेली नेमकी आवृत्ती उघडते, नंतर कोणी लेख बदलला तरी.

शोधगंगेवरचा प्रबंध ‘अप्रकाशित’ म्हणायचा का?

एपीएच्या नियमाने नाही. शोधगंगेसारख्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात उपलब्ध असलेल्या प्रबंधाला ‘पीएच.डी. प्रबंध, विद्यापीठाचे नाव’ एवढेच म्हणायचे. ‘अप्रकाशित’ हा शब्द फक्त ग्रंथालयाच्या कपाटात असलेल्या प्रबंधासाठी. शिकागोत आणि जुन्या मराठी पद्धतींत वेगळा प्रघात दिसेल, म्हणून मार्गदर्शकांना विचारून घ्या.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या भांडारात प्रबंध बहुधा प्रकरणवार पीडीएफमध्ये असतो. दुवा एखाद्या प्रकरणाच्या फाइलचा देऊ नका. प्रबंधाच्या मुख्य पानावर १०६०३ या आकड्याने सुरू होणारा कायमचा ओळखक्रमांक असतो, तो द्या. वर्ष मुखपृष्ठावरून घ्या. फाइल चढवल्याची तारीख नंतरची असू शकते.

पुस्तकाची पीडीएफ वापरली. पुस्तकाचा संदर्भ द्यायचा की पीडीएफचा?

छापील पुस्तकाची पाने जशीच्या तशी स्कॅन केलेली असतील तर पुस्तकाचा, आणि शेवटी भांडाराचे नाव व दुवा. पृष्ठक्रमांक पानावर छापलेला घ्या. संगणकाच्या पट्टीवर दिसणारा आकडा घेऊ नका, कारण तो मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना सगळे मोजतो.

डॉ. आंबेडकरांच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’चे उदाहरण घ्या. हे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले; परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ते स्वतः छापले. आज ते महाराष्ट्र शासनाच्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’ मालिकेच्या पहिल्या खंडात (१९७९, संपादक वसंत मून) मिळते, त्या खंडाची पीडीएफ परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, आणि कोलंबिया विद्यापीठाने टिपांसह वेगळी ऑनलाइन आवृत्ती केली आहे. १९३६ची पुस्तिका, शासनाचा खंड आणि कोलंबियाची आवृत्ती या तिन्हींची रचना वेगळी. कोलंबियाच्या आवृत्तीत पृष्ठे नसून विभाग व परिच्छेद आहेत. तुम्ही शासनाच्या खंडाची पीडीएफ वाचली असेल तर:

आंबेडकर, बी. आर. “ॲनिहिलेशन ऑफ कास्ट.” १९३६. डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस, खंड १, संपा. वसंत मून, शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, १९७९, पृ. (वापरलेली पृष्ठे). परराष्ट्र मंत्रालय, भारत सरकार, [दुवा].

पुनर्मुद्रण असेल तर त्याचेही वर्ष लिहा. इंग्रजी साधने तुमच्या सूचीत रोमन लिपीतच ठेवा. इथे देवनागरीत लिहिली ती या पानापुरती.

पीडीएफ टेलिग्रामवर आली होती…

तो दुवा सूचीत घालू नका. मुखपृष्ठ आणि प्रकाशनाची माहिती असलेले पान तपासा, पाने गहाळ नाहीत ना ते बघा, आणि शक्यतो ग्रंथालयातल्या प्रतीवरून उतारा पडताळून पुस्तकाचा संदर्भ द्या. प्रकाशनाचे पानच नसेल तर कोणती आवृत्ती आहे हे कळणार नाही, आणि आवृत्ती न कळता पृष्ठक्रमांकाला अर्थ नाही.

वर्तमानपत्राची बातमी ऑनलाइन वाचली. पृष्ठक्रमांक कुठून आणायचा?

आणायचाच नाही. संकेतस्थळावरच्या बातमीला पान नसते. छापील अंकातले आणि संकेतस्थळावरचे शीर्षक बहुधा वेगळे असते, कधी मजकूरही. जे वाचले त्याचे शीर्षक लिहा. ई-पेपर वाचला असेल तर गोष्ट वेगळी: तो छापील अंकच असतो, त्यामुळे पान द्या आणि आवृत्तीही द्या, कारण पुण्याच्या आवृत्तीत पहिल्या पानावर असलेली बातमी नागपूरच्या आवृत्तीत नसूही शकते.

लेखकाच्या जागी ‘टीम’, ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वृत्तसंस्था’ असे असेल तर ती व्यक्ती नव्हे. नोंद शीर्षकापासून सुरू करा. ‘अद्ययावत’ अशी वेगळी वेळ दिसत असेल तर ती लिहून ठेवा. निवडणुकीच्या किंवा दंगलीच्या बातम्यांत सकाळचे आकडे संध्याकाळी राहत नाहीत.

शासन निर्णय, जनगणना, सरकारी पत्रके यांचे काय?

शासन निर्णयाच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते: तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे. वर्ष, महिना, दिवस यांनी सुरू होणारा तो लांबलचक आकडा सोन्यासारखा जपा. दुवा बदलला तरी संकेतांकावरून निर्णय शोधता येतो. विभाग, शासन निर्णय क्रमांक, दिनांक आणि संकेतांक एवढे दिले की झाले.

जनगणनेचा आकडा देताना ‘जनगणना २०११’ एवढ्यावर थांबू नका, तक्त्याचा क्रमांक द्या. मराठी मातृभाषा सांगणारे ८.३० कोटी हा आकडा सी-१६ या तक्त्यातला आहे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या पत्रकांना स्वतःचा क्रमांक असतो, आणि एकाच पत्रकाच्या इंग्रजी, हिंदी, मराठी रूपांचे क्रमांक वेगवेगळे असतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्या पत्रकाचा संदर्भ देणार असाल तर वाचलेल्या भाषेचाच क्रमांक लिहा.

यूट्यूबवरचे व्याख्यान?

चालते. वक्त्याचे नाव, शीर्षक, वाहिनी, चढवल्याची तारीख, आणि वाक्य कितव्या मिनिटाला आहे ते: (४२:१५) असे. एपीए वाहिनीला लेखक मानते. एमएलएमध्ये वक्त्याला पुढे घेता येते. जुने ध्वनिमुद्रण कोणीतरी अलीकडे चढवलेले असेल तर भाषणाचे मूळ वर्ष शोधून वेगळे लिहा. शोधून सापडले नाही तर अंदाज करू नका.

फेसबुक पोस्ट आणि व्हॉट्सॲप?

मराठीतले बरेच साहित्यिक वाद आता फेसबुकवर होतात, तेव्हा त्यांचा संदर्भ लागणारच. पोस्टखालच्या वेळेवर टिचकी मारली की त्या पोस्टचा स्वतंत्र दुवा मिळतो. शीर्षक नसते, म्हणून पोस्टचे पहिले शब्द शीर्षकाच्या जागी येतात (एपीएची मर्यादा वीस शब्दांची). पोस्टचे छायाचित्र काढून जपा, कारण उद्या ती ‘फक्त मित्रांसाठी’ होऊ शकते.

व्हॉट्सॲपवर कोणी तुम्हाला स्वतः लिहिले असेल तर ते वैयक्तिक संवाद. एपीएत त्याचा उल्लेख फक्त मजकुरात येतो, सूचीत नाही, कारण वाचकाला तो पाहता येणार नाही. आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्या. फिरत आलेला मजकूर हा संदर्भ नाहीच.

मराठी दुवा चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ का होते?

ब्राउझर देवनागरी अक्षरांचे सांकेतिक रूपांतर करतो आणि एकेका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हे होतात. दुवा चुकीचा नसतो, फक्त तीन ओळी खातो. जमेल तिथे त्याच पानाचा छोटा किंवा क्रमांकाचा दुवा वापरा. मधले टक्के हाताने खोडू नका. दुवे लहान करून देणाऱ्या खासगी सेवाही नकोत. ती सेवा बंद पडली की सगळे दुवे एकदम जातात.

डीओआय असेल तर दुवाही द्यायचा का?

नाही, डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, पुरे. तो १० या आकड्याने सुरू होतो आणि लेख दुसऱ्या संकेतस्थळावर हलला तरी बदलत नाही. मराठी नियतकालिकांच्या लेखांना तो सहसा नसतो. त्याच्या जागी आयएसएसएन लिहू नका. तो क्रमांक अख्ख्या नियतकालिकाचा असतो, लेखाचा नव्हे.

दुवा मरणार हे ठाऊक आहे. आजच काय करता येईल?

इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ‘पान जतन करा’ अशी सोय आहे. तिथे दुवा टाकला की पानाची प्रत साठते आणि चौदा आकडी वेळेचा शिक्का असलेला नवा दुवा मिळतो. तो मूळ दुव्याच्या पुढे लिहा. शिक्क्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणून पहाटे साडेपाचच्या आत जतन केलेल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख पडते. लॉग-इन लागणारी आणि काही बातम्यांची पाने तिथे साठत नाहीत; त्यांची पीडीएफ करून स्वतःजवळ ठेवा. हे काम लिहिता लिहिता करायचे असते. सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात दोनशे दुवे तपासायला बसलात तर त्यातले काही गेलेले असणारच.

इंग्रजी लेखाचे मराठीत भाषांतर केले तर ते साम्यतपासणीत (उचललेला मजकूर शोधणाऱ्या संगणकीय तपासणीत) येत नाही. मग संदर्भ कशाला?

कारण विचार दुसऱ्याचा आहे. यंत्राला दिसले नाही म्हणून चोरी माफ होत नाही, आणि तोच लेख वाचलेला परीक्षक भेटला तर मौखिकीत उत्तर द्यावे लागेल. मूळ लेखाचा संदर्भ द्या आणि ‘भाषांतर प्रस्तुत संशोधकाचे’ असे लिहा.

१० टक्क्यांपर्यंत साम्य चालते म्हणतात, ते खरे का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यावे लागते, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणी रद्द. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यात मोजले जात नाहीत. म्हणजे नीट अवतरणचिन्हे घातली तर टक्केवारीची भीती उरत नाही. ‘१० टक्के उचलायची मुभा’ असा अर्थ मात्र कुठेही लिहिलेला नाही.

चॅटजीपीटीने संदर्भ काढून दिले. ते वापरू का?

प्रत्येक नोंद स्वतः उघडून वाचल्याशिवाय एकही नको. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले न्यायालयात सादर केले. त्यातले सहा खटले अस्तित्वातच नव्हते आणि ५,००० डॉलरचा दंड झाला. मराठी साधनांबाबत मी आणखी सावध राहीन: खरा लेखक, खरा प्रकाशक, पटेल असे वर्ष आणि मधे कधीच न लिहिलेले पुस्तक, अशी नोंद पहिल्या वाचनात अगदी खरी वाटते.

त्या यंत्राचे उत्तरच अभ्यासासाठी वापरले असेल तर तसे सांगा. एपीए कंपनीला लेखक धरते. एमएलए यंत्राला लेखक मानत नाही आणि तुम्ही विचारलेला प्रश्न शीर्षकाच्या जागी घेते. विद्यापीठाचा स्वतंत्र नियम असेल तर तो आधी.

झोटेरोमध्ये मराठी नोंदी नीट येत नाहीत.

झोटेरो हे संदर्भ साठवून सूची करून देणारे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि देवनागरी साठवते, पण पानावरून माहिती आपोआप उचलताना मराठी संकेतस्थळांवर गडबड होते: नाव-आडनाव उलटे लागतात, संकेतस्थळाचे नाव शीर्षकात शिरते. उचलल्या उचलल्या दुरुस्त करा. ‘आणि इतर’च्या जागी इंग्रजी संक्षेप येतात, ते अंतिम प्रतीत शोधून बदलावे लागतात.

सूचीचा वर्णानुक्रम वर्डने लावला तर क्षीरसागर ‘क’मध्ये गेले!

संगणकाच्या दृष्टीने क्ष म्हणजे क आणि ष यांचे जोडाक्षर, म्हणून तो ‘क’मध्ये बसतो, ज्ञ तसाच ‘ज’मध्ये जातो. शाळेतल्या मुळाक्षरांप्रमाणे ते ‘ळ’नंतर हवे असतील तर हाताने खाली न्या. दोन्ही क्रम मराठी कोशांत आढळतात; एक ठरवा आणि सूचीभर तोच ठेवा. मराठी आणि इंग्रजी साधनांच्या याद्या वेगळ्या केल्या की निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते.